जुलैतला बर्फ आणि मिलवॉकीचा मांडव

१९०८ सालचा जुलै. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं डेन्व्हर शहर उन्हाने तापलं आहे, आणि भर रस्त्यात बर्फाचा ढीग पडला आहे. रॉकी पर्वताच्या माथ्यावरून आगगाडीत भरून आणलेला खराखुरा बर्फ. कोट-टोपीतली प्रौढ माणसं एकमेकांना बर्फाचे गोळे मारून लहान मुलांसारखी खिदळताहेत. ही माणसं म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचे देशभरातून आलेले प्रतिनिधी. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला ती जमली आहेत, आणि बर्फ हा यजमान शहराचा पाहुणचार आहे.

डेन्व्हरची वस्ती तेव्हा दोन लाखांच्या आसपास. हे अधिवेशन आपल्या गावात व्हावं म्हणून त्या शहराने पक्षाला एक लाख डॉलर देऊ केले होते आणि एक प्रचंड नवं सभागृह वेळेत उभं केलं होतं. हे वाचल्यापासून एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. चार दिवसांच्या सभेसाठी एखाद्या मध्यम शहराला एवढी हौस का यावी? आणि यावी का?

अमेरिकेतले दोन्ही मोठे पक्ष दर चार वर्षांनी एकेक राष्ट्रीय अधिवेशन भरवतात. राज्याराज्यांचे हजारो प्रतिनिधी एका छपराखाली येतात, एकेका राज्याचं नाव पुकारलं जातं, मतं मोजली जातात आणि उमेदवार अधिकृत होतो. अलीकडे नाव आधीच ठरलेलं असतं, तरी सोहळा होतोच. आणि हा सोहळा कुठे व्हावा यासाठी शहरं पक्षाकडे यजमानपद मागतात. आपल्याला ही पद्धत परकी वाटायचं कारण नाही. साहित्य संमेलनासाठी गावोगावच्या संस्था महामंडळाला निमंत्रण देतात, स्थळ निवड समिती येऊन मांडवाची जागा बघते, निवासाची आणि जेवणाची चौकशी करते. तिकडेही पक्षाची समिती येते, सभागृहाच्या छतापासून हॉटेलांच्या खोल्यांपर्यंत सगळं तपासते. आपण ज्याला स्वागत समिती म्हणतो तीही तिथे असते आणि वर्गणी गोळा करण्याचं काम तिच्याच गळ्यात पडतं.

ही प्रथा १८३१ साली बाल्टिमोरमध्ये सुरू झाली, अँटी-मेसॉनिक नावाच्या आज विसरल्या गेलेल्या पक्षाच्या अधिवेशनाने. पण शहराचं नशीब आणि अधिवेशन यांची गाठ खरी बसली ती १८६० साली शिकागोत. शिकागो तेव्हा लाख-सव्वालाखाचं, चिखलातून वर येऊ पाहणारं गाव होतं. रिपब्लिकन पक्षाच्या समितीत ते सेंट लुईसपेक्षा एका मताने पुढे गेलं. इलिनॉय राज्यातून उमेदवारीचा कुणी तगडा दावेदार नाही, म्हणून ही जागा सगळ्यांना तटस्थ वाटली. शिकागोने महिनाभरात लाकडाचं एक अवाढव्य सभागृह ठोकून उभं केलं, त्याला नाव दिलं विगवॅम. आणि त्या विगवॅममध्ये तिसऱ्या फेरीला उमेदवारी मिळाली ती इलिनॉयच्याच एका वकिलाला, अब्राहम लिंकनला. अधिवेशन सेंट लुईसला भरलं असतं तर? गॅलऱ्या लिंकनच्या गाववाल्यांनी भरल्या नसत्या, एवढं तर नक्की. त्यानंतर शिकागोने एवढी अधिवेशनं भरवली की दुसरं कुठलंही शहर त्याच्या जवळपास नाही. २०२४ पर्यंत २६.

पण शिकागो आता महानगर आहे. माझा प्रश्न मध्यम शहराचा आहे, आणि त्यासाठी मला मिलवॉकीकडे जायचं आहे.

मिलवॉकी हे विस्कॉन्सिन राज्यातलं, मिशिगन सरोवराच्या काठावरचं शहर. २०२० च्या जनगणनेत वस्ती ५ लाख ७७ हजार, म्हणजे कोल्हापूर आणि अमरावतीच्या मधलं. बिअरच्या भट्ट्यांचं, कारखान्यांचं, जर्मन आणि पोलिश वळणाचं गाव. समाजवादी पक्षाचे तीन महापौर निवडून देणारं. तिथे चार वर्षांच्या अंतराने दोन्ही पक्षांची अधिवेशनं ठरली, आणि त्या दोन अधिवेशनांच्या नशिबात जमीन-अस्मानाचा फरक पडला. एवढा सुबक प्रयोग एखाद्या शास्त्रज्ञालाही मांडता आला नसता.

त्याची सुरुवात राजकारणात झाली नाही, बास्केटबॉलमध्ये झाली. अधिवेशनाला लागतं बंदिस्त सभागृह, साधारण अठरा हजार माणसं बसतील असं, आणि त्याच्या छतालाही बळ लागतं, कारण दिवे, पडदे, ध्वनियंत्रणा यांचा टनावारी भार वरून टांगायचा असतो. उघडं मैदान सहसा चालत नाही, पाऊस येतो. अमेरिकेतल्या मध्यम शहरात अशी वास्तू एकाच कारणाने असते: त्या शहराचा बास्केटबॉल किंवा आइस हॉकीचा संघ. मिलवॉकीच्या ‘बक्स’ संघाचं जुनं सभागृह थकलं होतं आणि नवं बांधा नाहीतर संघ जाईल, अशी टांगती तलवार होती. संघ विकताना जुने मालक, माजी सिनेटर हर्ब कोल, यांनी नव्या सभागृहासाठी १० कोटी डॉलर दिले. नव्या मालकांनी १५ कोटी घातले. सुमारे २५ कोटी सार्वजनिक तिजोरीतून आले. त्या कायद्यावर २०१५ साली सही केली रिपब्लिकन गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी. ५२ कोटींच्या वर खर्च होऊन २०१८ च्या ऑगस्टमध्ये ‘फायसर्व फोरम’ उघडलं. सात महिन्यांत, मार्च २०१९ मध्ये, डेमोक्रॅटिक पक्षाने ह्यूस्टन आणि मायामी ही दोन बडी शहरं बाजूला सारून मिलवॉकीला हो म्हटलं. ते निमंत्रण पुढे रेटण्यात संघाच्या एका मालकाचा मुलगा आघाडीवर होता. रिपब्लिकन गव्हर्नरच्या सहीने उभ्या राहिलेल्या छपराखाली डेमोक्रॅट येणार होते.

पक्षाला विस्कॉन्सिन का हवं होतं, हे उघड होतं. २०१६ मध्ये ते राज्य २२,७४८ मतांनी हातचं गेलं होतं. हिलरी क्लिंटन उमेदवारी मिळाल्यावर तिकडे फिरकल्या नव्हत्या, आणि ती खंत पक्षाला खात होती.

आता खोल्यांचा हिशेब. पन्नास हजार माणसं येणार होती: प्रतिनिधी, देणगीदार, पोलीस, आणि प्रतिनिधींच्या कितीतरी पट पत्रकार. त्यांना पंधरा-सोळा हजार खोल्या हव्या होत्या. मध्यम शहराची पहिली दमछाक इथे होते. काही राज्यांच्या प्रतिनिधींची सोय शेजारच्या इलिनॉय राज्याच्या उत्तर टोकाला करावी लागणार होती. म्हणजे मांडव एका राज्यात आणि जानवसघर दुसऱ्यात. त्या खोल्यांचं भाडं, त्या खोल्यांवरचा कर, सकाळच्या नाश्त्याचे पैसे, सगळं शेजारच्या राज्यात.

पैसा येतो कुठून, हा भाग मला सगळ्यांत बोलका वाटतो. वॉटरगेट प्रकरणानंतर १९७४ साली कायदा झाला की पक्षांच्या अधिवेशनांना सरकारी निधी द्यायचा. पैसेवाल्यांच्या ओंजळीने पक्षांनी पाणी पिऊ नये, हा हेतू. त्यामागे कारणही ताजं होतं. १९७२ चं रिपब्लिकन अधिवेशन सॅन दिएगोला ठरलं होतं. आयटीटी या कंपनीच्या चार लाख डॉलरच्या देणगीचं वचन चव्हाट्यावर आलं आणि जेमतेम तीन महिने उरले असताना अधिवेशन मायामी बीचला हललं. हिरमुसलेल्या सॅन दिएगोच्या महापौरांनी ‘अमेरिकेतलं सर्वोत्तम शहर’ हे बिरुद त्यानंतर पुढे आणलं, आणि ते त्या शहराला आजही चिकटून आहे. तर हा सरकारी निधी २०१२ पर्यंत चालला. त्या वर्षी प्रत्येक पक्षाला १ कोटी ८० लाख डॉलरच्या वर मिळाले. २०१४ मध्ये तो बंद करून ती रक्कम लहान मुलांच्या आजारांवरच्या संशोधनाकडे वळवली गेली. मेंदूच्या गाठीने दहाव्या वर्षी गेलेल्या एका मुलीचं नाव त्या कायद्याला आहे. त्याला विरोध करणं कुणालाही जड जावं, मलाही जातं. पण परिणाम असा झाला की आता बराचसा भार शहराच्या स्वागत समितीवर आला. ती समिती जाते कुणाकडे? बँकांकडे, वीज कंपन्यांकडे, विमा कंपन्यांकडे. सरकारी निधी चालू असतानाही, शार्लट शहरात २०१२ च्या अधिवेशनासाठी ड्यूक एनर्जी या वीज कंपनीने स्वागत समितीला १ कोटी डॉलरची उचल मिळवून दिली; ती फिटली नाही आणि कंपनीने ती पोटात घातली. मोठ्या महानगराकडे देणारे हात पुष्कळ असतात. मध्यम शहरात ते दोन-चारच, आणि त्यांचं ओझं शहराच्या मानेवर कायम राहतं.

सुरक्षेचा खर्च मात्र केंद्र सरकार उचलतं. ही अधिवेशनं ‘राष्ट्रीय विशेष सुरक्षा सोहळा’ ठरतात आणि सगळी सूत्रं सीक्रेट सर्व्हिसच्या हाती जातात. शहराला त्यासाठी अनुदान मिळतं: बरीच वर्षं ५ कोटी डॉलर, २०२४ मध्ये साडेसात कोटी. ते पैसे गावात फिरतात, आणि गावाला अनोळखीही करून टाकतात. उंच जाळ्या उभ्या राहतात, रस्ते बंद होतात, रोजचं दुकान कुंपणाच्या आत गेलं की बाहेर राहिलं यावर दुकानदाराचा आठवडा ठरतो.

आणि आता फायद्याचा आकडा. मिलवॉकीत २०२० साठी सांगितला गेला २० कोटी डॉलर. असे आकडे दर वेळी येतात आणि दर वेळी मोठे असतात. रॉबर्ट बाडे, रॉबर्ट बाउमन आणि व्हिक्टर मॅथेसन या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० पासूनची अधिवेशनं घेऊन शहरांतल्या लोकांचं उत्पन्न तपासलं. यजमान शहरांत ठसा उमटलेला दिसला नाही. मला या निष्कर्षाने आधी चकित केलं, मग कारणं कळत गेली. अधिवेशनाच्या आठवड्यात नेहमीचे पाहुणे येत नाहीत, त्यांची जागा प्रतिनिधींनी घेतलेली असते. गावकरी कुंपणाला कंटाळून बाहेरगावी जातात आणि जेवणाचे पैसे तिकडे खर्च करतात. हॉटेलाचा दर तिप्पट होतो, पण खोली झाडणाऱ्या बाईचा पगार तिप्पट होत नाही. फरक हॉटेलसाखळीच्या दूरच्या मुख्यालयात जातो. हॉटेलांची कमाई त्या चार रात्री नक्की वाढते. ती गावभर पाझरत नाही, एवढंच.

मग काय उरतं? क्लीव्हलंडकडे बघावं. चार लाखांच्या आतलं ते शहर, २०१६ चं रिपब्लिकन अधिवेशन जुलैच्या १८ तारखेला. गावाच्या मध्यभागाचा पब्लिक स्क्वेअर वर्षानुवर्षं रस्त्यांनी चिरफाळलेला होता. तो जोडून, हिरवळ करून जूनच्या अखेरीस लोकांसाठी खुला झाला. सहाशे खोल्यांचं नवं हॉटेलही त्याच जूनमध्ये. घरात लग्न निघालं की दहा वर्षं गळणारं छप्पर पंधरा दिवसांत दुरुस्त होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. शहरंही तशीच वागतात. न हलणारी तारीख ही नगर नियोजनातली विलक्षण ताकद आहे आणि अर्थशास्त्रज्ञांच्या तक्त्यात तिला रकाना नाही. क्लीव्हलंडमधली मुलं आजही त्या चौकातल्या पाण्यात खेळतात.

मिलवॉकीची तारीख मात्र हलली. १३ जुलै २०२० चं अधिवेशन कोरोनामुळे १७ ऑगस्टवर गेलं. मग फायसर्व फोरम सोडून जवळच्या लहान सभागृहात गेलं. मग ५ ऑगस्टला जाहीर झालं की उमेदवार जो बायडनसुद्धा येणार नाहीत. त्यांनी भाषण केलं डेलावेअरमधल्या आपल्या गावातून. पन्नास हजारांची तयारी केलेल्या शहरात जवळजवळ कुणीच आलं नाही. त्याच उन्हाळ्यात रिपब्लिकनांचं शार्लटही विस्कटलं. तिथल्या नगरसेवकांनी ते अधिवेशन ६ विरुद्ध ५ मतांनी घेतलं होतं. गर्दीच्या मर्यादेवरून राज्याच्या गव्हर्नरशी वाजलं, मुख्य सोहळा फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला नेला, आणि तिथेही २३ जुलैला रद्द केला.

हे वाचताना मला १८८५ चं पुणं आठवतं. राष्ट्रीय सभेचं, म्हणजे काँग्रेसचं, पहिलं अधिवेशन पुण्याला भरायचं होतं. सार्वजनिक सभेने पर्वतीजवळच्या पेशव्यांच्या बागेत तयारी केली होती. ऐन वेळी पटकीच्या लागणीची धास्ती पसरली, आणि २८ डिसेंबरला अधिवेशन भरलं मुंबईत, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत, ७२ प्रतिनिधींचं. पुण्याच्या हातचा मान एका साथीने मुंबईला दिला. पुण्याला अधिवेशन मिळायला १८९५ उजाडलं. १९०७ साली नागपूरचं अधिवेशन गटबाजीपायी सुरतेला गेलं आणि तिथे सभाच फुटली. यजमान गाव चुली मांडून बसतं, पण पाहुण्याने येण्याचा शब्द मोडला तर त्याच्या हाती काही नसतं, हे दोन्ही देशांत सारखंच खरं. खानदेशातल्या फैजपूरने १९३६ मध्ये काय केलं, तेही इथे आठवावंसं वाटतं. गांधीजींच्या आग्रहाने काँग्रेस पहिल्यांदाच खेड्यात भरली, नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या तिथल्याच साध्या सामानातून नगर सजवलं. जे होतं त्यातून उभं केलं.

मिलवॉकीने पोळल्यावर काय करावं? मला या कथेत सगळ्यांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. दोन वर्षांत ते पुन्हा रांगेत उभं राहिलं, आणि या वेळी दुसऱ्या पक्षाच्या दारात. मिलवॉकी शहर डेमोक्रॅट, महापौर कॅव्हेलियर जॉन्सन डेमोक्रॅट, आणि निमंत्रण रिपब्लिकनांना. जून २०२२ मध्ये तिथल्या नगरसेवकांनी करार एकमताने मंजूर केला. स्पर्धेत उरलेलं दुसरं शहर होतं टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल. राज्य पक्कं रिपब्लिकन, शहर डेमोक्रॅटांकडे झुकलेलं. नॅशव्हिलच्या नगरसेवकांनी तसा करार ऑगस्टमध्ये फेटाळला, आणि अधिवेशन मिलवॉकीला मिळालं.

नॅशव्हिल चुकलं असं मला मुळीच वाटत नाही. संगीतासाठी येणाऱ्या पाहुण्यांनी त्याची हॉटेलं एरवीही भरतात. अधिवेशन म्हणजे भरल्या घरातले पाहुणे उठवून दुसरे बसवणं. मिलवॉकीकडे रिकाम्या खोल्या होत्या, उभं सभागृह होतं, आणि २०२० ची सगळी आखणी कपाटात तयार होती. तोच प्रश्न, दोन शहरं, दोन बरोबर उत्तरं. आणि विरोधी पक्षाला घरी बोलावून त्याची नीट सोय लावणं, हे मला कुठल्याही आकड्याहून मोठं वाटतं. दुभंगलेल्या देशात एक शहर म्हणतं, तुमचं मत काहीही असो, आमच्याकडे येऊन मांडा.

१३ जुलै २०२४, शनिवार. पेनसिल्वेनियातल्या बटलरमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर गोळी झाडली गेली. सोमवारी मिलवॉकीत अधिवेशन सुरू झालं आणि ते कानाला पट्टी बांधून त्या सभागृहात आले. याच शहरात १४ ऑक्टोबर १९१२ ला थिओडोर रूझवेल्ट यांच्या छातीत गोळी लागली होती. खिशातल्या भाषणाच्या घडी घातलेल्या कागदांनी आणि चष्म्याच्या पोलादी घराने तिचा जोर मोडला, आणि रूझवेल्ट रक्ताळलेल्या सदऱ्यानिशी तासाहून अधिक बोलले. ते बोलले ती १९०९ सालची इमारत आज नाट्यगृह आहे आणि २०२४ च्या अधिवेशनाच्या परिसरातच उभी आहे.

सभागृहातले चार दिवस शिस्तीत पार पडले. स्वागत समितीने नंतर ३२ कोटी १० लाख डॉलरचा लाभ जाहीर केला. कुंपणाबाहेरच्या अनेक खानावळवाल्यांनी मात्र त्या आठवड्यात टेबलं रिकामी पाहिली होती. आणि १६ जुलैला, सभागृहापासून साधारण मैलभर अंतरावर, एका बेघर माणसाला पोलिसांनी गोळ्या घालून ठार केलं. त्याच्या हातात चाकू होते, तो दुसऱ्या एका माणसाच्या अंगावर जात होता, असं पोलिसांच्या चित्रफितीत दिसतं. पण गोळ्या झाडणारे पोलीस होते ओहायो राज्यातल्या कोलंबसचे. अधिवेशनासाठी बाहेरून आणलेल्या सुमारे चार हजारांपैकी. त्या वस्तीतले लोक रस्त्यावर येऊन विचारत होते, आमच्या गल्लीत परगावचे पोलीस काय करत होते? आमचा पोलीस या माणसाला ओळखत असता.

मध्यम शहराकडे सभागृह उभं असेल, ते उद्याही भरणार असेल, खोल्या रिकाम्या असतील, तर त्याने यजमानपद जरूर मागावं, असं माझं मत आहे. अधिवेशनासाठी म्हणून वीट रचू नये, आणि नागरिकांना कोटींचे आकडे दाखवून हो म्हणायला लावू नये. करारात दोन कलमं आधी वाचावीत: पक्षाने पाठ फिरवली तर भरपाई कोण देणार, आणि बाहेरून आलेला बंदूकधारी पोलीस स्थानिक सोबत्याशिवाय कुठवर फिरू शकतो. हे दुसरं कलम कोलंबसच्या त्या तुकडीनंतर कुठल्याही शहराने विसरू नये.

डेन्व्हरचं १९०८ चं सभागृह अजून आहे. पुढे त्याच्या पोटात एक ऑपेरागृह बांधलं, ते २००५ मध्ये उघडलं. २००८ साली, बरोबर शंभर वर्षांनी, डेमोक्रॅट पुन्हा डेन्व्हरला आले, बराक ओबामांना उमेदवारी द्यायला. तोवर अधिवेशनाला ती इमारत पुरेनाशी झाली होती, म्हणून ते मुख्यतः भरलं बास्केटबॉलच्या सभागृहात. जुन्या भिंतींच्या आत आजही संध्याकाळी वाद्यं जुळवली जातात.